पुरणाच्या पाण्याचं छप्पर

लिहायला बसलो तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "गुडघ्यांनी छपरावर चढता येईना, म्हणून आता कागदावर चढताय व्हय?" बोलणं खरं आहे. तीसेक वर्षं मी लोकांच्या डोक्यावर छपरं घातली. देवळाली प्रवरात आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर एक शेड, वेल्डिंगची दोन मशिनं, पत्रा वाकवायचं एक मशीन आणि दारात खुर्ची. धंदा आता मुलगा बघतो. खुर्ची अजून माझीच आहे, तिच्यावर दुसरं कुणी बसलं की माझं डोकं फिरतं.

त्या खुर्चीत बसलं की दिवसाला एक तरी माणूस विचारतो, "नाना, घराला पत्रा चांगला का शिंगल?" पूर्वी असं कुणी विचारत नव्हतं. पूर्वी पत्रा म्हणजे जस्ताचा, पांढरा, नागमोडी. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चार दगड ठेवायचे, की झालं छप्पर. आता रंगीत पत्रा आला, खाली उन्हाला अडवणारा चंदेरी थर आला, रबराच्या वायसरचे स्क्रू आले. आणि गेल्या काही वर्षांत ही शिंगल आली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काचेच्या धाग्यांची चटई असते, तिला डांबर पाजलेलं असतं आणि वर रंगीत खडीची बारीक कणी दाबलेली असते. तिच्या हातभर पट्ट्या येतात. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर काळं कापड, आणि मग माशाच्या खवल्यासारख्या ह्या पट्ट्या एकीवर एक खिळ्यांनी ठोकत वर जायचं. पुढं उन्हानं डांबर तापतं आणि पट्टी पट्टीला घट्ट चिकटते. दिसायला म्हणाल तर घर कॅलेंडरातलं वाटतं. पाऊस पडला तर आवाज नाही. गारा पडल्या तर पत्र्याला पोचे पडतात, शिंगलला पडत नाहीत. पत्र्याचं म्हणाल तर वजनाला हलका, कामाला झटपट, खराब झाला तर तेवढाच बदलता येतो, आणि धुतला की लख्ख.

लोक निवडतात कसं, हे मात्र बघण्यासारखं असतं. मिरजगावचा एक हॉटेलवाला हायवेवरून सरळ माझ्या दारात आला. मी समजावून सांगत होतो, त्याचं लक्ष नाही. म्हणाला, दोन्हीचे नमुने उन्हात ठेवा. ठेवले. मग स्वतः आत बसून दोन कप चहा प्याला, बाहेर आला, चपला काढल्या आणि एक पाय पत्र्यावर, एक पाय शिंगलवर ठेवून उभा राहिला. दुपारी बाराचं ऊन, वैशाखाचा महिना. दोन्ही पाय असे काही उचलले बेट्यानं की माझा वेल्डर निसार हसून हसून जमिनीवर बसला. हॉटेलवाला म्हणाला, दोन्ही सारखेच भाजतात, मग पत्रा बरा, लवकर निवतो तरी. मी तीस वर्षांत जे शिकलो ते त्यानं दोन तळपायांत शिकून घेतलं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ही सांगताना मला अजून चैन पडत नाही, एका जागी बसवत नाही.

शिंगलचं काम शिकायला मी पुण्याला चार दिवस गेलो होतो. साठीला टेकलेला माणूस, बाकीची सगळी पोरसवदा. पण काय सांगू, पहिली पट्टी सरळ रेषेत बसली तेव्हा मला नवी सायकल मिळाल्यासारखं झालं होतं. परत आलो ते शिंगल शिंगल करतच. आमच्या भागात पहिलं शिंगलचं घर आपण करायचं, हे डोक्यात पक्कं बसलं. आणि सहा महिन्यांत गिऱ्हाईक चालून आलं. प्रकाशराव म्हणून पुण्यात नोकरीला असलेले इंजिनियर. राळेगणसिद्धीच्या पलीकडं माळावर त्यांची वस्ती, तिथं आईसाठी नवं घर बांधत होते. भिंती उभ्या राहिल्या होत्या. कंपनीच्या कामानं ते परदेशात जाऊन आले होते, तिथं त्यांनी असलीच छपरं पाहिली होती. मी नमुना पुढं केला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आम्ही दोघं तिथंच एकमेकांच्या प्रेमात पडलो.

घर बघायला मी आणि निसार गेलो, प्रकाशरावही पुण्याहून आले होते. प्रकाशरावांची आई, आक्का, सत्तरीची बाई. कमरेत जरा वाकलेली, पण चालायला वाऱ्यासारखी. वडील नव्हते. आक्कानं तांब्याभर पाणी आणून दिलं. उन्हातून आलो होतो, घटाघटा प्यालो. पाणी इतकं गोड की मी आणखी मागून घेतलं. म्हटलं, आक्का, तुमच्या बोरचं पाणी झकास आहे. आक्का नुसती हसली.

परसात एक दगडी टाकं होतं, माणूसभर खोल, वर लाकडी झाकण. जुन्या घराची पन्हळ त्यात उतरत होती. निसारनं झाकण उचलून आत बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, हे प्यायचं टाकं असंल. इचारून घ्या एकदा."

"अरे, घरात बोर हाय. आजकाल टाक्याचं कोन पितं? बागेला असंल," मी म्हणालो.

हीच ती चूक. कुठलाही नवशिका करणार नाही अशी चूक मी केली, कारण मला विचारायचंच नव्हतं. मला शिंगल घालायची होती. निसार एकदा सांगतो, दुसऱ्यांदा सांगत नाही, हा त्याचा स्वभाव पंचवीस वर्षांपासून मला माहीत आहे. मी प्रकाशरावांशी रंग ठरवायला गेलो. विटकरी का करडा, यावर आम्ही तासभर घालवला. आक्का चहा देऊन गेली, तेवढ्या वेळात तिला एक शब्द कुणी विचारला नाही.

काम श्रावणात धरलं. आधी मागची उतरण घेतली, परसाकडची, कारण मला हात बसवायचा होता आणि लोकांना दिसणारी बाजू सफाईदार करायची होती. दुपारी पट्ट्या तापून मऊ व्हायच्या, त्यावर पाय दिला तर ठसा उमटायचा, म्हणून सकाळी सहा ते अकरा आणि मग चारनंतर असं काम चालायचं. मागची बाजू पुरी झाली, जुनं घर पाडायचं होतं म्हणून त्याची टाक्यात उतरणारी पन्हळ काढून या उतरणीला लावली, आणि एक चांगली सर येऊन गेली. मी घरात उभा राहून वर बघत होतो. एक थेंब गळला नाही. आवाज नाही, ठिबक नाही. मी निसारच्या पाठीत धपाटा घातला. निसार परसाकडं बघत होता.

पोळ्याच्या दिवशी काम बंद. पण आक्कानं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं, मिस्तरी लोकांनी सणाचं उपाशी राहू नये म्हणून. मी खुशीत गेलो. वस्तीवर बैलांची शिंगं रंगवून झाली होती, गोंडे बांधले होते, सगळीकडं गडबड. पान वाढलं गेलं. भात, कढी, भजी आणि पोळी. पोळी तोडली तर साधी. पोळ्याच्या सणाला पुरण नाही. आमच्या भागात हे ऐकूनसुद्धा माणूस घास खाली ठेवतो. घरात काही वाईट झालं की काय, असं वाटलं मला, पण विचारायचं कसं.

तेवढ्यात परसात बायका आल्या. पाच-सहा जणी होत्या, प्रत्येकीच्या हातात घासलेली कळशी नाहीतर हंडी. आक्का उठून बाहेर गेली. काहीतरी हळू बोलली. बायका एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या आणि रिकाम्या कळश्या घेऊन परत गेल्या. शेवटची एक म्हातारी होती, ती जाताना टाक्याच्या झाकणावर हात ठेवून गेली.

माझा घास तोंडातच राहिला. आक्का आत आली तेव्हा मी विचारलं, आणि तिनं शांतपणे सगळं सांगितलं. त्या माळावरचं बोरचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, हरभऱ्याची तर नाहीच नाही, तासन्‌तास रटरटली तरी कणी राहते. आक्काच्या सासूबाईंनी ते टाकं बांधून घेतलं होतं. पत्र्यावर पडलेलं पावसाचं पाणी त्यात साठवायचं, वर्षभर प्यायचं, आणि सणाला सगळ्या वस्तीनं पुरणाचं पाणी तिथून न्यायचं, ही तिथली रीत. होळी असो, पोळा असो, कुणाच्या घरी लग्नाची पंगत असो. सासूनंतर ते आक्काकडं आलं. उन्हाळ्यात टाकं रिकामं करून घासायचं, आतून चुना द्यायचा, आणि पावसाची वाट बघायची. यंदाही तिनं घासून ठेवलं होतं. ती परवाची सर आली, पाणी भरलं, आणि सकाळी बघते तर तळाला काळी कणी, वर डांबराचा वास. तिनं खालची तोटी उघडून सगळं पाणी सोडून दिलं होतं. मी जे गोड पाणी पिऊन बोरचं कौतुक केलं होतं, ते या टाक्याचं होतं, गेल्या साली साठवलेलं, घासायच्या आधी माठात काढून ठेवलेलं.

"मिस्तरी, छप्पर लई देखनं झालंय," आक्का म्हणाली. "पन माजं टाकं गेलं."

"आक्का, आदी बोलायचं न्हाई का?"

"तुमी माज्या पोराला रंग इचारला, नमुना इचारला. मला कुनी काय इचारलं?"

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्यात, एका गिऱ्हाइकानं तर माझ्या अंगावर हातोडा फेकलाय, पण त्या वाक्यासारखं काही लागलं नाही. लाज वाटली, सरळ सांगतो. घरी आलो आणि कंपनीचं पुस्तक काढलं. चकचकीत फोटोंच्या मागं, शेवटच्या पानांत, बारीक अक्षरांत छापलेलं होतं की या छपराचं पाणी पिण्यासाठी साठवू नये. ती पानं मी कधी उलटलीच नव्हती.

प्रकाशरावांना फोन केला. ते म्हणाले, त्यात काय, आईला पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून देतो, सणाला जार मागवू. मी ते आक्काला सांगितलं. ती म्हणाली, जारचं पाणी मी वाटू आणि वस्तीनं ते घ्यावं, असं कुठं असतं का? तिला तहान भागवायची नव्हती हो. सासूनं हातात दिलेलं एक काम होतं, त्यावर त्या माळावर तिचा मान होता, आणि तो मान मी प्लायवूडवर खिळ्यांनी ठोकून टाकला होता.

मग मात्र माझ्या अंगात आलं. ठरवलं, मागची उतरण काढायची आणि तिथं पत्रा घालायचा. पुढची बाजू, रस्त्याकडची, प्रकाशरावांच्या मनाप्रमाणं शिंगलची. खर्चाचं मी बोललोच नाही, चूक माझी होती. प्रकाशराव पुण्याहून तडक आले. चिडले. एका घराला दोन तऱ्हेची छपरं, लोक हसतील, ठिगळ दिसेल, असं बरंच बोलले. त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांनी आईसाठी हौसेनं घर बांधायला काढलं होतं. मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, "प्रकाशराव, तुमी घर फाटकातून बघता. आक्का परसातून बघतात. दोघांना आपापलं घर दिसू द्या."

त्यांनी वळून आईकडं बघितलं. आक्का टाक्याच्या कडेला बसून गवत उपटत होती. मग त्यांनी मला एवढंच विचारलं, "परतीच्या पावसाच्या आत होईल का?"

तिथून जे सुरू झालं ते आठवलं की अजून हात शिवशिवतात! त्या पारनेर तालुक्यात पावसाचं सगळं देणं परतीच्या पावसात. तो चुकला की टाकं पुढच्या सालापर्यंत कोरडं, म्हणजे होळीलाही पुरण नाही. आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि रोज आम्हाला घाम फुटायचा. शिंगल उपसायला दोन दिवस गेले, खिळे काढताना निम्म्या पट्ट्या फाटल्या. प्लायवूड उतरवलं, सांगाडा मोकळा केला. पत्रा मोजून नगरच्या एमआयडीसीतून कापून आणायचा होता. टेम्पो निघाला आणि वाटेत पंक्चर झाला. मी ड्रायव्हरला फोनवर असं काही बोललो की रात्री मंडळींनी मला जेवताना सुनावलं, तो माणूस आहे, टायर नाही.

खरा पेच आढ्याचा होता. आढं म्हणजे दोन उतरणी जिथं वर मिळतात ती जागा. एकीकडं शिंगल, एकीकडं पत्रा. पत्रा उन्हानं वाढतो, थंडीनं आकसतो. शिंगल आपली जागच्या जागी. दोन वेगळ्या चालीरीतींच्या घरांची सोयरीक करावी तसं ते काम. कंपनीच्या पुस्तकात असलं काही नव्हतं, पुण्यात शिकवलेलं नव्हतं. मी आणि निसारनं आमच्याच मशिनवर पत्र्याचं टोपरं वाकवलं, एका बाजूनं घट्ट आवळलं, दुसऱ्या बाजूनं सरकायला जागा ठेवली. तीनदा वाकवलं, तीनदा फेकलं. चौथं बसलं. निसार वर आढ्यावर घोड्यावर बसावं तसा बसला होता, तिथून त्यानं अंगठा दाखवला, आणि मी खाली एकटाच नाचलो. साठीच्या माणसानं असं करू नये, पण केलं.

स्क्रू मारून झाले. भोकं पाडताना लोखंडाचा बारीक किस पडतो, तो राहिला तर गंजून पत्र्याला डाग पाडतो, म्हणून केरसुणीनं सगळा झाडून घेतला. मग घरच्या बोरचं पाणी चढवून पत्रा दोनदा धुतला. पन्हळ नवी बसवली. तिच्या तोंडाशी निसारनं एक कोपराचा पाइप लावला, हातानं फिरवता येणारा. पहिलं मळकं पाणी बाहेर सोडायचं, स्वच्छ आलं की पाइप टाक्याकडं वळवायचा. एवढंसं काम, पण त्याला बघून आक्का पहिल्यांदा मोकळी हसली.

काम संपल्यावर पाचव्या दिवशी दुपारी पाऊस आला. ढगांनी पारनेरच्या बाजूनं एकदम अंधार केला आणि ताडताड सुरू झालं. पत्र्यावरचा आवाज म्हणाल तर बोललेलं ऐकू येईना. प्रकाशराव कानावर हात ठेवून हसत होते. आम्ही सगळे परसात भिजत उभे. पन्हळीतून पाणी आलं, आधी धुळीचं, मग निवळत गेलं. आक्का पदर डोक्यावर घेऊन पाइपाजवळ उभी होती. मी म्हटलं, आक्का, वळवू का? तिनं हातानं थांबवलं. ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, चाखलं, थुंकलं. पुन्हा थोड्या वेळानं घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं ते गिळलं. मग स्वतःच्या हातानं पाइप वळवला. टाक्यात पाणी पडल्याचा तो आवाज पत्र्याच्या ताडताडीतही ऐकू आला.

फाटलेल्यातून वाचलेल्या पट्ट्या मी फेकल्या नाहीत. आमच्या कारखान्याच्या दारात, माझ्या खुर्चीवर, त्यांचं छोटं छप्पर केलंय. आलेला माणूस विचारतो, नाना, हे काय सुंदर केलंय? मी म्हणतो, सुंदर आहे खरं, पण आधी सांगा, तुमच्या छपराचं पाणी जातं कुठं आणि ते पितं कोण? काहीजण विचित्र नजरेनं बघतात. बघू देत. उत्तर मिळाल्याशिवाय मी नमुना हातात देत नाही. ज्याच्याकडं पाण्याचा प्रश्न नाही आणि शांत घर पाहिजे, त्याला मी आजही हौसेनं शिंगल घालून देतो.

आणि होळी आली. आमच्याकडं देवळालीत पाण्याला काय तोटा, चोहीकडं ऊस. पण ही सगळी कथा ऐकून मंडळींनी हट्ट धरला की यंदाचं पुरण त्या पाण्यातलंच करायचं. वीस लिटरचा कॅन घेऊन मी सकाळीच वस्तीवर पोचलो. परसात बायकांची रांग लागलेली. मला वाटलं, आपला मान, आपण सरळ पुढं जावं. टाक्यापाशी आक्का बादली घेऊन उभी होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मिस्तरी, मागं. नंबरानं या."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी मुकाट्यानं नऊ बायकांच्या मागं कॅन घेऊन उभा राहिलो. पोळ्याला रिकामी गेलेली ती म्हातारी माझ्या पुढंच होती. उभं राहून बघत होतो. आक्का कुणाच्याही भांड्यात लगेच ओतत नव्हती. प्रत्येकीला आधी विचारायची. घरात मानसं किती, पाव्हणे आलेत का, डाळ जुनी का नवी, पोरगी बाळंतपणाला आलीय का. मग त्या हिशोबानं बादली. ती म्हातारी दोन माणसांचंच म्हणाली, तर आक्का म्हणाली, लेक यायचीय संध्याकाळी, तू विसरलीस, आणि तिची कळशी पूर्ण भरली.

माझा नंबर आला. तिनं माझ्याकडं तसंच बघितलं, जसं बाकीच्यांकडं.

"मिस्तरी, घरात मानसं किती?"

"अकरा, आक्का."

तिनं कॅन गळ्यापर्यंत भरला, झाकण स्वतः आवळलं, आणि म्हणाली, "घरी सांगा, डाळ भिजत घालू नका म्हनावं. तशीच शिजती."